स्प्लेंडर, पल्सर, आरएक्स, बुलेट : जुन्या गाडीला क्लच प्लेटा कुठल्या घ्याव्यात

पुण्यात नाना पेठेतल्या कुठल्याही स्पेअरच्या काउंटरवर 'स्प्लेंडरची क्लच प्लेट द्या' म्हटलं की उलट प्रश्न येतो, "कंपनीची देऊ की लोकल?" प्रश्नात पर्याय दोनच असले तरी काउंटरमागच्या खणांत माल चार जातींचा असतो. गाडी कंपनीच्या नावाच्या पाकिटातला. गाडी कंपनीला मूळ क्लच पुरवणाऱ्या कारखान्याने स्वतःच्या नावावर विकलेला. नाव-गाव नसलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतला. आणि चौथा, पाकिटावर 'हेवी ड्यूटी' किंवा 'रेसिंग' असं ठळक छापलेला. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीला यातला कुठला घालावा, याबद्दलचं हे मत.

निकाल आधीच सांगून टाकतो. ज्या गाडीत इंजिन आणि क्लच एकाच ऑइलमध्ये चालतात, म्हणजे स्प्लेंडर, सीडी १००, पॅशन, डिस्कव्हर, पल्सर, तिथे मूळ पुरवठादाराचं पाकीट घ्या आणि कंपनीच्या पाकिटापेक्षा जे पैसे वाचतील ते स्टील प्लेटा (अस्तराच्या प्लेटांमध्ये एक आड एक बसणाऱ्या) आणि स्प्रिंगांवर घाला. लोकल माल या गाड्यांना नको. आरएक्स १०० किंवा कास्ट आयर्न इंजिनाच्या जुन्या बुलेटचा क्लच इंजिन ऑइलपासून वेगळा बसतो. तिथे स्वस्त प्लेटने फसवलं तरी नुकसान फार तर क्लच आणि गिअरबॉक्सपुरतं राहतं, इंजिनाला धक्का लागत नाही. 'रेसिंग' सेट रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला कुणीही घालू नये.

ऑइलवर एवढा भर का, ते आधी पाहू. स्प्लेंडरच्या इंजिनात वेगळा कागदी ऑइल फिल्टर नसतो. उजवं कव्हर काढलं की खालच्या बाजूला खाचेत सरकवलेली एक बारीक जाळी दिसते आणि क्रँकच्या टोकाला गोल फिरणारा सेंट्रिफ्यूगल फिल्टर असतो. हा फिरता फिल्टर जड कण, म्हणजे लोखंडाचा चुरा, बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवतो. क्लच प्लेटवरचं घर्षणाचं अस्तर मात्र कागदी तंतू आणि राळेचं असतं, वजनाला हलकं. अस्तराचे तुकडे सुटले की ते थेट जाळीवर जाऊन बसतात. जाळी अर्धी बुजली की पंपाला ऑइल कमी मिळतं आणि त्याचा पहिला फटका सगळ्यात वर असलेल्या कॅमशाफ्टला आणि रॉकरला बसतो. पिशवीतल्या स्वस्त सेटचं अस्तर सुटून हेडचं काम निघालं, तर त्या खर्चात कंपनीचे कितीतरी सेट आले असते. म्हणून सामायिक ऑइलच्या गाडीत प्लेट किती दिवस टिकते याआधी तिचं अस्तर आतल्या धातूच्या गाभ्याला किती घट्ट चिकटलंय ते बघायचं.

आता चारही प्रकार एकेक करून.

कंपनीचं पाकीट. हिरो, बजाज, यामाहा यांचं जेन्युइन पार्ट्सचं पाकीट. मापाबद्दल तक्रार नसते. गाभा स्वच्छ, कानांच्या (प्लेटच्या परिघावर बाहेर आलेल्या दात्यांच्या) कडा गुळगुळीत, अस्तराचे तुकडे एकसारखे. अडचण दोन ठिकाणी येते. जुन्या मॉडेलचा पार्ट नंबर बदललेला असतो आणि काउंटरवरचा माणूस 'हाच चालतो' म्हणून जवळच्या मॉडेलचा सेट हातात ठेवतो. दुसरं म्हणजे याच पाकिटांची नक्कल सर्वात जास्त होते. छपाई पुसट, एमआरपीचं लेबल वरून चिकटवलेलं, होलोग्राम बोटाने घासला की निघतो, पाकिटावरचा पार्ट नंबर आणि आतल्या चिठ्ठीवरचा नंबर जुळत नाही, अशी एक जरी खूण दिसली तरी परत द्या. नकली पाकीट लोकलपेक्षाही वाईट, कारण दर ओरिजिनलचा आणि माल पिशवीतला.

मूळ पुरवठादाराचं पाकीट. इथे आमचं मत सर्वात चांगलं. गाडी कंपन्या क्लच प्लेटा सहसा स्वतः बनवत नाहीत, बाहेरून घेतात. हिरो होंडाच्या काळापासून या घराण्याच्या गाड्यांमध्ये जपानच्या एफसीसीचा क्लच येत आला. पूर्वी हा माल एफसीसी रिको या नावाने यायचा. बजाजला क्लच पुरवणाऱ्यांत आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजचं एन्ड्युरन्स आहे. हे कारखाने बाजारासाठी स्वतःच्या पाकिटातही सेट विकतात. अस्तर तेच, गाभ्याचा साचा तोच, फक्त पाकिटावर गाडी कंपनीचा लोगो नाही आणि दर थोडा उतरलेला. सेट घेताना पाकिटावरच्या मॉडेल यादीत आपल्या गाडीचं नाव आणि साल दोन्ही आहेत का ते वाचायचं. 'पल्सर' एवढ्यावर भागत नाही. १५०, १८० आणि २२० यांचे क्लच एकच धरून चालू नका, आणि एकाच १५० मध्येही निरनिराळ्या वर्षांत फेरबदल झालेले आहेत.

लोकल. दर बऱ्याचदा निम्म्यावर येतो, म्हणून मोह होतो. यात सगळाच माल टाकाऊ असतो असं नाही, पण एकाच पेटीतले दोन सेट एकसारखे निघतील याची खात्री नाही, आणि खरी अडचण तीच आहे. दोष बहुतेक तीन जागी सापडतात. अॅल्युमिनियमचा गाभा ओतताना कानांच्या कडेला राहिलेली धार घासलेली नसते, ती हाउसिंगच्या (प्लेटा ज्या भांड्यात बसतात त्याच्या) खाचा खाते. अस्तराचे तुकडे गाभ्यावर वरून नीट दिसतात, पण कडेला नख घातलं तर खाली पोकळ लागतं. आणि जाडी एका बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला जास्त.

हेवी ड्यूटी, रेसिंग वगैरे. यात दोन उपप्रकार येतात. एक म्हणजे नेहमीच्याच प्लेटा आणि सोबत कडक स्प्रिंगा. दुसरा म्हणजे जास्त पकडीचं, कडक अस्तर. दोन्ही तांत्रिकदृष्ट्या चूक नाहीत, फक्त तुमच्या गाडीसाठी नाहीत. कडक स्प्रिंगने लिव्हर जड होतो, क्लच वायर लवकर तुटते आणि उचलणाऱ्या बेअरिंगवर सतत जास्त दाब राहतो. कडक अस्तर स्टील प्लेटला ओरखडे पाडतं आणि गाडी सुटताना झटका देतं. ट्रॅफिकमध्ये अर्धा क्लच दाबून चालणाऱ्या गाडीला हे सोसत नाही. मूळ इंजिनाची ताकद मूळ स्प्रिंगांना पेलते. पेलत नसेल तर बिघाड दुसरीकडे आहे.

हा दुसरीकडचा बिघाड आधी शोधायचा, मगच प्लेटांना पैसे काढायचे. क्लच स्लिप होतोय हे ठरवायची सोपी पद्धत: गाडी गरम झाल्यावर चढावर, वरच्या गिअरमध्ये, मध्यम वेगात एकदम थ्रॉटल द्या. इंजिनाचा आवाज चढला आणि स्पीडोचा काटा जागेवरच राहिला, तर क्लच सरकतोय. आवाजही चढत नसेल, नुसती घुसमट होत असेल, तर दोष कार्बोरेटर, एअर फिल्टर किंवा कॉम्प्रेशनमध्ये शोधा, प्लेटांमध्ये नाही. पुण्याच्या लोकांना कात्रजचा चढ यासाठी पुरेसा आहे, साताऱ्याकडच्यांना खंबाटकी.

स्लिप दिसली तरी आधी लिव्हरची ढिलाई बघा. लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी मोकळी हालचाल हवी. ती शून्य असेल तर क्लच सतत किंचित दाबलेला राहतो, आणि कितीही नव्या प्लेटा घाला, त्या जळणारच. मग ऑइल. मोटारीचं ऑइल चांगलं आणि महाग म्हणून दुचाकीत ओतणारे अजून आहेत. मोटारीच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, जी ओल्या, म्हणजे ऑइलमध्ये चालणाऱ्या क्लचला नको असतात. कॅनवर जासो (हे दुचाकीच्या ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं. जासो एमबी हे स्कूटरचं ऑइल, गिअरच्या गाडीला नाही. चुकीचं ऑइल गेलं असेल तर आधी योग्य ऑइल भरून दोन-तीनशे किलोमीटर चालवून बघा. अस्तर जळलेलं नसेल तर पुष्कळदा पकड परत येते आणि प्लेटांचा खर्च वाचतो.

उलट तक्रार असेल, म्हणजे गिअर कडक पडतो, न्यूट्रल सापडत नाही, लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे ओढते, तर क्लच चिकटतोय. त्याला पातळ झालेली प्लेट कारण नसते. वाकलेली स्टील प्लेट, हाउसिंगच्या खाचांत पडलेले खड्डे किंवा ताणलेली क्लच वायर यांपैकी काहीतरी असतं. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या गिअरला 'ठक्' करत असेल तर ते मात्र ऑइलने चिकटलेल्या प्लेटांचं आहे. लिव्हर दाबून दोन-तीन किका मारल्या की सुटतं.

आता कव्हर उघडायचं ठरलंच, तर आत काय मोजायचं ते पाहू. कारण नवा सेट निवडणं म्हणजे खरं तर जुन्या सेटचं माप वाचणं.

व्हर्नियर कॅलिपर हवाच, फुटपट्टीने हे काम होत नाही. १००-१२५ सीसीच्या होंडा घराण्यातल्या गाड्यांत नवी फ्रिक्शन प्लेट, म्हणजे अस्तराची प्लेट, ३ मिमीच्या आसपास असते. २.६ मिमीच्या खाली गेली की ती संपली असं धरा. एकाच जागी मोजू नका, चार जागी मोजा. ०.४ मिमी हा आकडा किरकोळ वाटतो, पण प्लेटा एकावर एक बसतात. चार प्लेटा प्रत्येकी ०.३ मिमी झिजल्या तर सगळा थर १.२ मिमीने खाली येतो, तेवढी स्प्रिंग सैल पडते आणि दाब कमी होतो. प्लेटांवर अस्तर दिसत असूनही क्लच का सरकतो, त्याचं उत्तर या बेरजेत आहे.

स्टील प्लेट झिजत नाही, वाकते आणि जळते. काउंटरवर आणि गॅरेजमध्ये हिलाच प्रेशर प्लेट म्हणतात, त्यामुळे मागताना गोंधळ नको, 'दोन फ्रिक्शनच्या मधल्या' असं सांगा. जाड काचेवर ठेवून कडेने फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचं मापक) सरकवा. ०.२० मिमीची पाती आत गेली की प्लेट बाद. हा आकडा इतका कडक का? लिव्हर पूर्ण दाबला तरी क्लच जेमतेम दीड-दोन मिलिमीटर उघडतो. चार फ्रिक्शन प्लेटा म्हणजे आठ घर्षणाच्या बाजू, म्हणजे एकेका बाजूच्या वाट्याला ०.२ मिमीच्या आसपास जागा येते. तेवढीच वाक एका प्लेटला असेल तर ती जागा खाऊन टाकते आणि क्लच कधी पूर्ण सुटतच नाही. निळ्या-जांभळ्या पडलेल्या स्टील प्लेटा सरळ असल्या तरी परत घालू नका. उष्णतेने पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो आणि नवं अस्तर त्यावर पकड धरत नाही.

गॅरेजमध्ये सर्वात जास्त काटकसर होते ती इथेच. फ्रिक्शन प्लेटा नव्या, स्टील जुन्या, स्प्रिंगा जुन्याच. हजार-दीड हजार किलोमीटरनंतर पुन्हा स्लिप आणि दोष ब्रँडला. पाकिटात फक्त फ्रिक्शन प्लेटा आहेत, की स्टील प्लेटा आणि स्प्रिंगाही, हे विचारल्याशिवाय दोन पाकिटांच्या किमतींची तुलना करू नका. स्वस्त वाटलेला सेट निम्माच निघतो. स्प्रिंगा तपासायला सगळ्या एका ओळीत उभ्या करा, एखादी जरी आखूड दिसली तरी सगळ्या बदला. एकच बदलली तर दाब तिरका पडतो.

हाउसिंग हे या कामातलं कुणालाच न आवडणारं प्रकरण, कारण महाग आहे. बोटाचं नख खाचेच्या कडेवरून फिरवा. जिथे फ्रिक्शन प्लेटांचे कान आपटतात तिथे पायऱ्या पायऱ्या पडलेल्या लागतात. नख किंचित अडखळलं तर बारीक कानशीने कडा साफ करता येते. नख खोल अडकत असेल तर कानस मारून उपयोग नाही, कारण खाच रुंद होते आणि प्लेटांचे कान आणखी जोराने आपटतात. लोकल प्लेटांच्या न घासलेल्या धारा या पायऱ्या फार लवकर पाडतात. पाच-दहा वर्षं मूळ प्लेटा चाललेलं हाउसिंग लोकल सेटने एका वर्षात कामातून गेलेलं दिसतं. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना उजव्या बाजूने खडखड येते आणि क्लच दाबला की आवाज बदलतो किंवा थांबतो, ही हाउसिंगच्या मागच्या धक्के सोसणाऱ्या स्प्रिंगा किंवा रबर सैल झाल्याची खूण. त्याला प्लेट बदलून काहीच होत नाही.

नवा सेट काउंटरवरच तपासायचा. पाकीट एकदा दुकानाबाहेर गेलं की परत घेत नाहीत, त्यामुळे व्हर्नियर खिशात टाकूनच जा. चारही प्लेटा चार-चार जागी मोजा. एका प्लेटमध्ये ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर सेट ठेवून द्या. अस्तराच्या प्रत्येक तुकड्याच्या कडेला नख घाला, कुठेही उचललेलं लागता कामा नये. अस्तराचा रंग सगळ्या प्लेटांवर एकसारखा हवा. गाभ्यावर कोरलेली किंवा छापलेली बनवणाऱ्याची खूण शोधा. जो कारखाना आपल्या मालावर नाव घालत नाही त्याचा माल घेऊ नये. जुनी प्लेट सोबत नेली असेल तर नवीवर ठेवून बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि कानांची रुंदी जुळवा. कान जुन्यापेक्षा अरुंद असेल तर आपटेल, रुंद असेल तर अडकेल. घरी हाउसिंगमध्ये टाकून बघायची कसोटी सोपी आहे: प्लेट स्वतःच्या वजनाने तळाशी सरकली पाहिजे, दाबावी लागली तर ती बसणार नाही.

काही गाड्यांत सगळ्या फ्रिक्शन प्लेटा सारख्या नसतात. एखादीचं अस्तर वेगळं असतं किंवा सर्वात बाहेरच्या प्लेटचे कान हाउसिंगच्या वेगळ्या, उथळ खाचेत बसवायचे असतात. म्हणून काढताना मोबाइलवर एकेका थराचा फोटो घ्या. पाकिटातल्या सगळ्या प्लेटा सारख्या आणि तुमच्या जुन्यांतली एक वेगळी असेल, तर तो सेट तुमच्या मॉडेलचा नाही.

बसवण्याबद्दल, जे बहुतेक मेकॅनिक घाईत सोडून देतात तेवढंच. कागदी अस्तराच्या नव्या प्लेटा कोरड्या घालायच्या नाहीत. जे ऑइल गाडीत भरणार तेच थाळीत घेऊन प्लेटा रात्रभर बुडवून ठेवा. घाई असेल तर निदान अर्धा तास. कोरडी प्लेट पहिल्या काही मिनिटांतच स्टीलवर घासून जळते आणि तिचं आयुष्य तिथेच निम्मं होतं. स्प्लेंडरच्या जातीच्या क्लचमध्ये बाहेरची चार स्प्रिंगांची झाकणपट्टी काढून भागत नाही, प्लेटा बाहेर यायला मधला हबही काढावा लागतो. मॉडेलप्रमाणे तिथे सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) असते किंवा चार खाचांचा नट. त्या नटाला खास सॉकेट मिळतं. छिन्नी लावून हातोड्याने ठोकलेले नट इतके दिसतात की तीच रीत वाटावी, पण त्या ठोक्यांनी शाफ्टचे आटे आणि मागचं बेअरिंग दोन्ही जातात. सॉकेट नसलेल्या मेकॅनिककडे हे काम देऊ नका. थर लावताना पहिली आणि शेवटची फ्रिक्शन, मध्ये एक आड एक स्टील. स्टील प्लेटा पत्र्यातून छापून काढलेल्या असतात, त्यांची एक कड गोलसर आणि दुसरी धारदार असते. सगळ्यांच्या धारदार कडा एकाच दिशेला ठेवा. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने, थोडे थोडे करत आवळा. हे ६ मिमीचे बोल्ट अॅल्युमिनियममध्ये बसतात, १० ते १२ न्यूटन-मीटरच्या पुढे गेलात तर आटे हातात येतील.

कव्हर उघडंच आहे तर जाळी आणि फिरता फिल्टर धुवून घ्या. फिल्टरच्या भिंतीवर काळा घट्ट लेप असतो, तो खरवडावा लागतो, रॉकेलने आपोआप निघत नाही. जाळीवर तपकिरी-काळे पापुद्रे सापडले तर ते जुन्या प्लेटांचं अस्तर आहे. मग ऑइल एकदा भरून दोनशे किलोमीटरवर पुन्हा बदला. कव्हरचं पॅकिंग नवंच घाला. जुन्यावर सिलिकॉनचा लेप थापला तर आत सुटलेला सिलिकॉनचा धागाही याच जाळीवर येऊन बसतो. किकच्या शाफ्टचं ऑइल सीलही त्याच वेळी बदलून टाका, कारण ते गळायला लागलं की पुन्हा सगळं उघडावं लागेल.

आरएक्स १०० वाल्यांसाठी. ही गाडी १९९६ ला बंद झाली, त्यामुळे बाजारात फिरणाऱ्या 'जुन्या ओरिजिनल स्टॉक'बद्दल जरा शंका ठेवा. वर्षानुवर्षं दमट गोदामात पडलेली प्लेट सील न फोडलेलीच का असेना, तिचा डिंक म्हातारा झालेला असतो. टू-स्ट्रोक असल्यामुळे इंजिनाला ऑइल पेट्रोलबरोबर मिळतं आणि क्लच गिअरबॉक्सच्या वेगळ्या ऑइलमध्ये बसतो. त्यामुळे इथे चांगल्या नावाचा बाजारातला सेट घ्यायला हरकत नाही, पण कॉर्कच्या अस्तराचा घेत असाल तर त्याचा स्वभाव ओळखून घ्या. कॉर्क ऑइलमध्ये छान पकडतो, सुटताना मऊ सुटतो, पण उष्णता सोसत नाही. शर्यतीसारखी गाडी सोडणाऱ्यांचा कॉर्क काही दिवसांत जळतो. यामाहाच्या या क्लचमध्ये प्लेटा काढायला मधला नट सोडावा लागत नाही, बाहेरची प्लेट काढली की सगळं हातात येतं. पुश रॉडच्या मधोमध बसणारी छोटी गोळी मात्र जपा. ती ऑइलबरोबर ट्रेमध्ये पडते, तिच्याशिवाय सगळं जोडलं जातं, आणि मग क्लच उघडतच नाही.

कास्ट आयर्न बुलेट हे स्वतंत्रच प्रकरण आहे. क्लच डाव्या बाजूच्या प्रायमरी चेनकेसमध्ये, इंजिनाची ताकद क्लचकडे आणणाऱ्या दुपदरी चेनच्या सोबत. कव्हर एकाच मोठ्या नटावर असतं, फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल बाजूला करून ते निघतं, आणि अल्टरनेटरच्या कॉइलला हात न लावता प्लेटा बाहेर येतात. तीनच स्प्रिंगा असल्यामुळे त्यांचा समतोल फार महत्त्वाचा. लिव्हर दाबून बाहेरची टोपी बघा, ती सगळीकडून सारखी उचलली गेली पाहिजे. एका बाजूने जास्त उचलत असेल तर स्प्रिंगांची जागा अदलाबदल करा किंवा आखूड स्प्रिंगखाली पातळ वायसर द्या. तिन्ही स्क्रू मात्र पूर्ण बसलेच पाहिजेत, स्क्रू सैल ठेवून ॲडजस्टमेंट करायची नाही. ३५० आणि ५०० चे, चार गिअरचे आणि पाच गिअरचे संच एकमेकांत मिसळू नका. खोलगट प्लेटा आणि सपाट प्लेटा यांचा क्रम उलटला तर थराची उंची बदलते आणि क्लच एक तर सरकतो किंवा सुटत नाही. क्लचच्या चेनव्हीलवरही (चेन ज्यावर बसते त्या दातेरी चाकावर) अस्तर असतं, हे नवशिके मेकॅनिक विसरतात. ते संपलं असेल तर बाकी प्लेटा नव्या घालून काही फरक पडत नाही.

बुलेटवाल्यांसाठी बाहेरचे पर्यायही आहेत. इटलीच्या सर्फ्लेक्सच्या आणि अमेरिकेच्या बार्नेटच्या प्लेटा परदेशातले बुलेट बाळगणारे वापरतात. माल चांगला आहे, पण पाठवणी आणि जकात धरून येणारा खर्च बघता, चांगल्या स्थितीतल्या चेनव्हीलवर देशी कंपनीचा सेट घालून चेनकेसचं ऑइल नीट ठेवणं जास्त शहाणपणाचं. या चेनकेसमध्ये ४०० ते ४५० मिली ऑइल जातं, पण मोजून ओतण्यापेक्षा लेव्हलचा स्क्रू काढून त्यातून ऑइल ओघळेपर्यंतच भरा. जास्त भरलं की क्लच सरकतो, आणि किक मारताना पाय नुसता खाली जातो, कारण बुलेटची किकही क्लचमधूनच इंजिन फिरवते. चेनची ढिलाई सर्वात ताठ जागी ६ मिमी ठेवा. ताठ चेन क्लचला बाजूला ओढते आणि नव्या प्लेटाही तिरक्या झिजतात.

कुठलीही गाडी असो, पहिले दोनशे किलोमीटर पूर्ण थ्रॉटल नको, चढावर अर्धा क्लच धरून उभं राहणं नको, डबल सीट घाट नको. अस्तर स्टीलवर बसताना थोडं दबतं, त्यामुळे लिव्हरची ढिलाई कमी होत जाते. पाचशे किलोमीटरला ती पुन्हा १० ते २० मिमीत आणा. वायरचा ॲडजस्टर आताच शेवटच्या आट्यावर पोचला असेल, तर एक तर वायर ताणलेली आहे किंवा थराची जाडी चुकलेली आहे, आणि कव्हर पुन्हा उघडावं लागणार. बिल तोवर जपून ठेवा.